तिसऱ्या दिवशीचं रडू

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रीतच आहे ती. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली, चांगली तीन किलोची. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो. ओवाळून घेतलं, खोली तयारच होती, डिंकाच्या लाडवांचा डबा भरलेला होता. घरात नुसता आनंदीआनंद.

तिसऱ्या दिवशी दुपारी अळिवाची खीर घेऊन खोलीत गेले, तर ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. खांदे हलत होते.

"काय झालं गं? टाके दुखतायत का?"

"नाही."

"घरून फोन आला होता? कोणी काही बोललं?"

"नाही गं आई. काहीच नाही झालं." मग थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात, "आई, हिच्याकडे बघून मला काहीच वाटत नाही. सगळे म्हणतात बाळ हातात घेतलं की माया दाटून येते. मला नुसती भीती वाटते. मी वाईट आहे का गं?"

घरात बाळंतीण रडतेय म्हटल्यावर सल्ल्यांना काय तोटा! आमच्या आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या काढल्या, म्हणाल्या दृष्ट लागलीय. शेजारच्या काकू बाळाला बघायला आल्या होत्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "मुलगी झाली म्हणून मनाला लावून घेतलंय का हो तिने?" मला असा राग आला म्हणून सांगू! पण बाळंतिणीच्या घरात आवाज चढवायचा नाही म्हणून गप्प बसले, चहा दिला आणि त्यांना वाटेला लावलं.

आणि मला आठवल्या त्या पांढऱ्या उंदरिणी.

तुम्ही म्हणाल, लेक तिकडे रडतेय आणि या बाईला उंदीर कसले आठवतात! पण माझं आयुष्यच तसं गेलंय. तालुक्याच्या गावी कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवतेय, आणि त्याआधी, लग्न व्हायच्या आधी, दोन वर्षं एम.फिल.साठी विद्यापीठाच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये काढली. 1994 ते 1996. माझा विषय होता गरोदर उंदरिणीच्या रक्तातली संप्रेरकं. संप्रेरकं म्हणजे आपण ज्यांना हार्मोन्स म्हणतो ती. घरी आजीला कोणीतरी सांगितलं, "नात उंदरांची बाळंतपणं करते." आजी म्हणाली, "करू दे की. पुढे उपयोगी पडेल." आजीचं बोलणं असं खरं होईल हे तेव्हा कुठे माहीत होतं!

सकाळी सात वाजता माझा दिवस सुरू व्हायचा. प्लास्टिकचे पिंजरे, वर जाळी, आत भाताचं तूस, उलट्या टांगलेल्या पाण्याच्या बाटल्या. तो वास कपड्यांना असा चिकटायचा की बसमध्ये शेजारची बाई सरकून बसायची. पहिलं काम म्हणजे प्रत्येक मादी चक्राच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते बघायचं. आपलं चक्र महिन्याचं, तिचं चार-पाच दिवसांचं. योनीमार्गात मीठपाण्याचा एक थेंब ड्रॉपरने सोडायचा, परत ओढून घ्यायचा आणि काचपट्टीवर ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायचा. पेशी गोल दिसल्या तर एक टप्पा, कोंड्यासारख्या वाळक्या, कोपरे मुडपलेल्या दिसल्या तर मादी नराला जवळ येऊ देणार. इतकं सोपं. जाता जाता एक सांगते. स्त्रीरोगतज्ज्ञ आपल्याला जी पॅप स्मिअर नावाची तपासणी सांगतात ना, तिचं मूळ इथेच आहे. जॉर्ज पापानिकोलाऊ नावाच्या डॉक्टरांनी 1917 साली न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगवर ही पद्धत बसवली, आणि पुढे बायकांच्या पेशी तशाच तपासताना त्यांना त्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या. त्यांच्या नावातलं पहिलं अक्षरच पॅप स्मिअरला चिकटलंय.

तर, संध्याकाळी नर सोडायचा आणि सकाळी थेंबात शुक्रजंतू दिसले की वहीत लिहायचं, दिवस पहिला. तिथून एकवीस-बावीस दिवसांत बाळंतपण. आपण नऊ महिने जे सोसतो ते तिचं तीन आठवड्यांत आटोपतं. म्हणूनच तर तिच्यावर अभ्यास करायचा.

आता थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. बीजांडकोशातून बीज बाहेर पडलं की त्याच्या रिकाम्या जागी एक पिवळसर गोळी तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. ही गोळी प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक बनवते. प्रोजेस्टेरॉनचं काम गर्भ धरून ठेवायचं. गर्भाशयाचं अस्तर मऊ ठेवायचं, त्याला आकसू द्यायचं नाही, आणि दूध बनवणाऱ्या ग्रंथी वाढू द्यायच्या, पण दूध मात्र येऊ द्यायचं नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दुसरं संप्रेरक इस्ट्रोजेन. ते गर्भाशयाला वाढवतं, आणि वेळ आली की कळांसाठी तयार करतं. गरोदरपण म्हणजे या दोघांचा तोल. एक म्हणतं थांब, दुसरं म्हणतं चल.

उंदरिणीची गंमत अशी की तिची ती पिवळी गोळी एरवी एक-दोन दिवसांतच थकते. पण नराशी संबंध आला की तो निरोप मज्जातंतूंमधून मेंदूला जातो आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी दिवसातून दोनदा, एकदा पहाटेच्या सुमारास आणि एकदा संध्याकाळी, प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. साधारण दहा दिवस, रोज, घड्याळ लावल्यासारखं. त्या जोरावर पीतपिंड टिकतो. नर वंध्य असला, गर्भ राहिला नसला, तरीही हे चालू होतं आणि उंदरीण बारा-तेरा दिवस खोटीच गरोदर असते. दहा-बारा दिवसांनंतर वार मोठी होते आणि पीतपिंडाला सांभाळायचं काम आपल्याकडे घेते. चौदाव्या-पंधराव्या दिवसापासून पुढे तिच्या एक मिलिलिटर रक्तात शंभर नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रोजेस्टेरॉन सापडतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतक्याशा गोष्टीवर आठ-दहा पिल्लांचा जीव टांगलेला!

टांगलेला म्हणजे अगदी शब्दशः. आमच्या विभागात एक प्रयोग करून बघितला होता, भूल देऊन गरोदर उंदरिणीचे दोन्ही बीजांडकोश काढायचे. दिवस कुठलाही असो, पाचवा असो की पंधरावा, गर्भ टिकत नाही. आणि तिलाच रोज तिळाच्या तेलात विरघळवलेलं प्रोजेस्टेरॉन टोचलं, सोबत अगदी किंचित इस्ट्रोजेन, तर पिल्लं वाढत राहतात. मला त्या शस्त्रक्रिया करायला आवडायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मी बाहेर जाऊन रडले होते. मॅडम म्हणाल्या, "रडून झालं की आत ये, टाके नीट घालायला शीक. तिचा त्रास तेवढाच कमी होईल." प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी आपल्याकडे 1998 साली कडक नियम झाले, आता परवानगीशिवाय एका उंदरालाही हात लावता येत नाही. बरंच झालं.

हे कोडं पहिल्यांदा सोडवलं ते सशांवर. लुडविग फ्रेंकेल नावाच्या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1903 साली दाखवलं की सशिणीचे पीतपिंड नष्ट केले तर गर्भ जातो. पुढे 1929 मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला जॉर्ज कॉर्नर आणि त्यांचा विद्यार्थी विलार्ड अ‍ॅलन यांनी डुकरिणींच्या पीतपिंडांचा अर्क काढून बीजांडकोश काढलेल्या सशिणींना टोचला, तर गर्भ टिकले. यातला एक किस्सा मी दरवर्षी वर्गात सांगते. अ‍ॅलन बाहेरगावी गेले असताना कॉर्नर यांनी तोच अर्क करून बघितला तर तो काही केल्या लागू पडेना. पुन्हा पुन्हा केला, व्यर्थ. शेवटी कळलं की अ‍ॅलन पिंजऱ्यातून मोठ्या सशिणी उचलायचे आणि कॉर्नर लहान. लहान सशिणी अजून वयात आल्या नव्हत्या, त्यांचं गर्भाशय त्या अर्काला दादच देत नव्हतं. अर्कात खोट नव्हतीच. 1934 साली हे द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती आलं आणि त्याचं नाव पडलं प्रोजेस्टेरॉन. गर्भधारणेच्या बाजूचं, असा त्याचा अर्थ.

हे सगळं मी शिकत होते तेव्हा मला वाटायचं, याचा माझ्याशी काय संबंध? मग 1997 मध्ये लग्न होऊन या घरात आले. त्याच वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाईंचा गर्भ तिसऱ्यांदा टिकला नाही. दर वेळी काहीतरी कारण निघायचंच. एकदा पपई खाल्ली म्हणून. एकदा माळ्यावरून पितळी पातेलं काढलं म्हणून. तिसऱ्यांदा तर त्यांनी काहीच केलं नव्हतं, झोपूनच होत्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "फार झोपली म्हणून." मी नवी नवरी. तोंडाशी आलं होतं की अहो, पहिल्या तिमाहीत गर्भ जातो तो निम्म्याहून अधिक वेळा गर्भाच्याच गुणसूत्रांत चूक असते म्हणून जातो, पातेल्याने जात नाही. पण बोलले नाही. ते न बोलणं मला अजून टोचतं.

जाऊबाईंना त्या काळात प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं दिली होती. सशाला लागू पडलं ते बाईला पडेल, हा साधा हिशोब. पण बाई म्हणजे ससा नव्हे, आणि उंदरीणही नव्हे. आपल्याकडे सात ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान वार प्रोजेस्टेरॉन बनवायचं काम पूर्णपणे अंगावर घेते, मग पीतपिंड असला काय, नसला काय. आपल्या ओळखीच्या जनावरांतही हा फरक आहे. शेळीला शेवटपर्यंत पीतपिंड लागतो, मेंढीला पहिले पन्नास-पंचावन्न दिवसच. एकाच कळपात चरतात, पण पोटातलं गणित वेगळं. कारण सापडत नाही आणि वारंवार गर्भ जातो अशा 836 बायकांवर केलेला एक मोठा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत 65.8 टक्के आणि खोटं औषध घेणाऱ्यांत 63.3 टक्के बायकांना जिवंत बाळ झालं. म्हणजे फरक नाहीच म्हणा. 2019 मध्ये त्याच गटाने सुरुवातीलाच रक्तस्राव होणाऱ्या 4153 बायका तपासल्या. सरसकट फरक नव्हता, पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भ गेले होते त्यांच्यात 57 टक्क्यांचं प्रमाण 72 वर गेलं. तेव्हा मैत्रिणींनो, शेजारणीला दिलेली गोळी आपल्यालाही हवी, असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका, आणि डॉक्टरांनी दिली तर आपल्याला का दिली हे विचारायला लाजू नका.

जाऊबाईंनी 2000 साली मुलगी दत्तक घेतली. चार महिन्यांची होती. त्यावरही बोलणारे बोललेच. "पोटचं नाही, पान्हा नाही, माया यायची कुठून?" जाऊबाई ऐकून घ्यायच्या. त्यांनाही ते खरं वाटायचं की काय कोण जाणे. कारण पहिले काही दिवस त्या बाळाला अशा धरायच्या, जसं कोणाचं तरी काचेचं भांडं धरावं.

परत येते उंदरिणीकडे. विसाव्या दिवसापर्यंत सगळं शांत. मग एक एन्झाइम पीतपिंडात कामाला लागतं आणि तयार होणारं प्रोजेस्टेरॉन निकामी करून टाकतं. दोन दिवसांत शंभरावरून दहा-वीसवर. त्याच वेळी इस्ट्रोजेन चढतं, प्रोलॅक्टिन उसळतं. तोल उलटतो. थांब म्हणणारं गेलं, चल म्हणणारं राहिलं. मी हे आकड्यांत बघायचे तसंच पिंजऱ्यातही बघायचे. आदल्या दिवसापासून ती भुसा तोंडात धरून कोपऱ्यात घरटं रचायला लागते. कागदाच्या पट्ट्या टाकल्या तर त्या ओढून नेते. स्वतःचं पोट, स्तनाग्रांच्या रांगा सारख्या चाटते. हे चाटणं नुसतं स्वच्छतेसाठी नसतं बरं का. 1960 च्या दशकात संशोधकांनी गरोदर उंदरिणींच्या गळ्यात पट्टा घालून त्यांना चाटू दिलं नाही, तर त्यांच्या दुधाच्या ग्रंथी निम्म्याच वाढल्या. मग पिल्लं होतात. ती एकेकाला चाटते, वार खाऊन टाकते, सगळ्यांना गोळा करून अंगाखाली घेते. कोणी शिकवलेलं नसतं. पहिलटकरीण असली तरी येतं.

पण तोपर्यंत, म्हणजे पिल्लं न झालेल्या उंदरिणीचं काय? तिच्या पिंजऱ्यात दुसरीची पिल्लं ठेवली तर ती घाबरते! मी डोळ्यांनी बघितलंय. पार लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसते, कधी पिल्लांवर भुसा लोटून त्यांना झाकून टाकते. कधी तर चावतेही. तिला त्या वासाचीच भीती असते. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठातले जे रोझेनब्लाट यांनी आयुष्यभर याच एका गोष्टीचा अभ्यास केला. 1972 साली त्यांनी आणि जोसेफ टर्केल यांनी नुकत्याच व्यालेल्या उंदरिणीचं रक्त कुमारिका उंदरिणीच्या अंगात सोडलं, तर ती साधारण पंधरा तासांत पिल्लं गोळा करायला लागली. म्हणजे माया रक्तात असते, असंच म्हणायचं ना?

थांबा. त्याच रोझेनब्लाट यांनी 1967 मध्ये दुसरं काहीतरी दाखवलं होतं. कुमारिका उंदरिणीला काहीही टोचायचं नाही. फक्त रोज तिच्या पिंजऱ्यात लहान पिल्लं ठेवायची. तिला दूध नसतं, म्हणून ती पिल्लं रोज बदलून ताजी, पोट भरलेली आणायची. पहिल्या दिवशी ती पळते. दुसऱ्या दिवशी लांबून हुंगते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेजारी येऊन बसते. आणि साधारण सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत पिल्लू तोंडात धरून घरट्यात नेते, चाटते, दूध नसताना पाजायला बसल्यासारखी कमान करून उभी राहते. बीजांडकोश काढलेल्या माद्यांनीही हे केलं. पिट्युटरी काढलेल्यांनीही केलं. आणि हसू नका, नरांनीही केलं!

हा प्रयोग मी जाऊबाईंना सांगितला तेव्हा दत्तक मुलगी घरी येऊन पंधरा दिवस झाले होते. पोळ्या लाटता लाटता सांगितला. त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "किती दिवस म्हणालीस?" "सहा-सात." त्या म्हणाल्या, "मला दहा लागले." आणि पुन्हा लाटायला लागल्या. आम्ही दोघी त्यावर पुढे कधीच काही बोललो नाही.

म्हणून लेक जेव्हा म्हणाली, मला काहीच वाटत नाही, तेव्हा मी तिच्या उशाशी बसले आणि तिला काय सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

आपल्यात आणि उंदरिणीत एक मोठा फरक आहे. तिचं प्रोजेस्टेरॉन बाळंतपणाच्या आधी घसरतं. आपलं कळा सुरू झाल्या तरी वरच असतं. वारच ते बनवत असते ना! मग बाळ होतं, पाठोपाठ वार पडते, आणि नऊ महिने चढत गेलेलं प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन दोन-तीन दिवसांत धाडकन खाली येतं. आयुष्यात इतकी मोठी घसरण बाईच्या शरीरात दुसऱ्या कुठल्याच वेळी होत नाही. आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते आठवा. प्रोजेस्टेरॉन दूध अडवून धरतं. ते गेलं की प्रोलॅक्टिनला मोकळं रान मिळतं आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास छाती भरून येते. वारेचा तुकडा आत राहिला तर दूध उशिरा येतं ते याच कारणाने. पान्हा फुटायला ती घसरण व्हावीच लागते. आणि त्याच घसरणीत, त्याच तिसऱ्या दिवशी, डोळ्यांनाही धार लागते.

प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात आणखी एक द्रव्य बनतं, जे मेंदूला शांत ठेवतं, जवळपास झोपेच्या गोळीसारखं. प्रोजेस्टेरॉन अचानक काढून घेतलं की उंदीर दचकरे, अस्वस्थ होतात, हे 1998 साली दिसलं. बायकांवर 2000 साली अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. गरोदर नसलेल्या सोळा बायकांना आधी भरपूर हार्मोन्स दिली आणि मग एकदम बंद केली, बाळंतपणाची नक्कलच म्हणा. त्यांतल्या आठजणींना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं. त्या आठांपैकी पाचजणींचं मन पुन्हा खचलं. उरलेल्या आठांपैकी एकीचंही नाही. घसरण सगळ्यांची सारखीच होती, पण ती प्रत्येकीला सारखी सोसत नाही. त्या शांत करणाऱ्या द्रव्यावरच बेतलेल्या औषधाला 2019 साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि 2023 मध्ये तशाच गोळ्यांना. म्हणजे उंदरांच्या पिंजऱ्यातून निघालेली वाट बाळंतिणीच्या खाटेपर्यंत पोचली.

सगळं खापर हार्मोन्सवर फोडायचं असं मी म्हणत नाही. झोप नाही, टाके ओढतात, बाळ धरता येत नाही, आणि घरात येणारा प्रत्येक माणूस बाळाला बघायला येतो, तिला कोणी बघत नाही. पण हे रडू निम्म्याहून अधिक बायकांना येतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर? रडू पंधरा दिवसांपुढे गेलं, बाळ झोपलं तरी हिला झोप येईना, खाणं सुटलं, कशातच मन लागेना, तर तो नुसता रडवेपणा नाही, आजार आहे, आणि त्याला औषध आहे. स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावं असा विचार तोंडातून निघाला, किंवा ती भ्रमिष्टासारखी बोलायला लागली, तर पंधरा दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसला तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, 14416 या नंबरवर. मीठ-मोहऱ्या काढायच्या तर काढा, त्याने कोणाचं बिघडत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग नाक पुसत म्हणाली, "म्हणजे मी उंदरीण?" आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. लगेच पुन्हा रडली, ते सोडा.

पाचवीच्या रात्री जाऊबाई मुक्कामाला आल्या. बाळ त्यांनी घेतलं आणि लेकीला म्हणाल्या, "तू झोप. मला एका बाळाची सवय आहे." त्या रात्री ती सलग चार तास झोपली. लाडू, खीर, शेक-शेगडी, सगळ्यापेक्षा ते चार तास जास्त कामाला आले असं माझं मत आहे, आत्याबाई काहीही म्हणोत. आठव्या-नवव्या दिवशी रडणं कमी झालं. माया दाटून वगैरे आलेली मला तरी दिसली नाही. एका संध्याकाळी मात्र, बाळाला खांद्यावर घेऊन ती फोनवर कोणाशी तरी बोलत होती, आणि बोलता बोलता बाळाचं डोकं हुंगत होती. तिला पत्ताही नव्हता. मी दारातूनच परत फिरले.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपटी घडी करत बसलो होतो. बाळ मांडीवर झोपलं होतं. लेकीने एकदम विचारलं, "आई, तुझ्या त्या उंदरिणींचं पुढे काय व्हायचं गं? प्रयोग संपला की?"

मी दोन दुपटी घडी केली. मग तिला खरं काय ते सांगितलं. ती काही बोलली नाही. बाळाच्या अंगावरचं पांघरूण तेवढं वर ओढून घेतलं.